खणांचे घर आणि चित्राची जागा

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत जुने घर खणांनी मोजले जाई. खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर, आणि तुळईला मिळणाऱ्या लाकडाची लांबीच खोलीची रुंदी ठरवीत असल्यामुळे माजघर अरुंद व लांबट होई. छप्पर धाब्याचे, म्हणजे तुळयांवर किलचण अंथरून त्यावर पांढरी माती थापलेले सपाट छत असे, आणि भिंती हातभर जाडीच्या. या घरात चित्रपटाला जागा कशी मिळाली, याचा इतिहास यंत्रांपेक्षा घरबांधणीचाच अधिक आहे.

प्रारंभी ती जागा घराबाहेर होती. सुगीनंतरच्या जत्रांत तंबूतला सिनेमा येई. 1953 च्या मुंबई चित्रपटगृह नियमन कायद्यान्वये अशा फिरत्या चित्रपटगृहांनाही परवाना लागे. कनातीने आडोसा केलेल्या मैदानात, तेलइंजिनावर चालणाऱ्या प्रक्षेपकासमोर लोक जमिनीवर बसत, आणि उघड्यावर ध्वनी परावर्तित करणारी भिंतच नसल्यामुळे कर्ण्यांचा आवाज मोठा करण्यावाचून उपाय नसे.

मुंबई दूरदर्शन केंद्र 1972 मध्ये सुरू झाले आणि 1973 मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्रामुळे पुणे परिसरात चित्र पोहोचले. शिरूर किंवा दौंडपासून सिंहगड सरळ रेषेत ऐंशी ते नव्वद किलोमीटरवर असल्यामुळे उंच लोखंडी पाइपावर अँटेना चढवून, तो गडाच्या दिशेला फिरवीत पडद्यावरील मुंग्या कमी कराव्या लागत. संच सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत असे आणि ती पेटी बहुधा ओसरीजवळ ठेवली जाई, कारण प्रेक्षक कुटुंबापुरते नसत. 1987 च्या जानेवारीत रामायण मालिका सुरू झाल्यावर तर रविवारी सकाळी अंगणही पुरत नसे. ही मांडणी तंबूचीच होती, फक्त ती आता एका घराच्या अंगणात आली होती.

खरा बदल स्लॅबने घडविला. न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा हे सहकारी साखर कारखाने, मुठा कालव्याचे पाणी आणि पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत यांमुळे हाती आलेल्या पैशातून बंगले उभे राहिले, आणि अंगणातील बैठक हॉलमध्ये गेली. मात्र गिलावा, फरशी आणि काँक्रीट यांच्या गुळगुळीत, कठीण पृष्ठभागांवरून ध्वनी वारंवार परततो व संवाद अस्पष्ट होतात. माजघरातील खडबडीत माती, कणग्या आणि गोधड्यांच्या वळकट्या तो काही अंशी शोषून किंवा विखरून टाकीत. जुने घर या बाबतीत अजाणता सरस होते, असे म्हणण्यास हरकत नाही. पत्र्याच्या घराविषयी मात्र कोणी तसे म्हणणार नाही, कारण पावसाच्या पहिल्याच सरीबरोबर तेथे संवाद ऐकू येईनासे होत.

आजच्या गृह-चित्रगृहाची रूढ रचना ‘पाच-पॉइंट-एक’ या नावाने ओळखली जाते, म्हणजे समोर तीन, बाजूंना दोन आणि खर्जासाठी एक असे ध्वनिवर्धक. समोरचे डावे-उजवे ध्वनिवर्धक बसणाऱ्याच्या मध्यरेषेपासून 30 अंशांवर आणि बाजूचे 100 ते 120 अंशांवर असावेत असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. 55 इंची पडदा सुमारे 122 सेंटिमीटर रुंद असतो, आणि त्याने दृष्टीचे 30 अंश व्यापावेत म्हणून आसन साडेसात फुटांवर हवे. जुन्या माजघरात हे अंतर आखूड भिंतीवर पडदा लावून सहज साधते, परंतु अशा अरुंद खोलीत बाजूचे ध्वनिवर्धक कानाला फार जवळ येतात. बंगल्याच्या हॉलमध्ये रुंदी मिळते, पण सोफा मागच्या भिंतीला चिकटविण्याची रूढी असल्यामुळे ते ध्वनिवर्धक कोपऱ्यांत ढकलले जातात, आणि त्यांपैकी एका बाजूला बहुधा स्वयंपाकघराचे दार येते.