रक्ताचा नमुना ‘हिमोलाइज’ झाला म्हणजे काय?

लॅबमधून फोन येतो, ‘सॅम्पल हिमोलाइज झालंय, पुन्हा रक्त द्यावं लागेल.’ म्हणजे नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटून त्यांतलं हिमोग्लोबिन बाहेर आलेलं असतं. एरवी पिवळसर असणारा सीरम मग गुलाबी किंवा लाल दिसतो.

बहुतेक वेळा कारण आजार नसतो, रक्त काढण्याची पद्धत असते. फार बारीक सुई, सिरिंज जोरात ओढणं, दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवणं किंवा ट्यूब खळाखळा हलवणं.

खरी अडचण पोटॅशियमची. पेशीच्या आत ते बाहेरच्यापेक्षा २० पटींहून जास्त असतं, त्यामुळे पेशी फुटल्या की रिपोर्टमध्ये ते उगाच वाढलेलं दिसतं. साधारण पातळी ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर; ६.५ दिसलं तर हृदयाला धोका समजून नको ते उपचार होऊ शकतात. उलटही घडतं: खरोखर कमी असलेलं पोटॅशियम नॉर्मल दिसतं. हे जास्त फसवं.

नीट काढलेला दुसरा नमुनाही लालच निघाला, तर मात्र पेशी शरीरातच फुटत असू शकतात. मलेरिया, जी-सिक्स-पीडीची कमतरता, न जुळणारं रक्त चढवलं जाणं ही त्याची काही कारणं. सोबत लघवी कोलासारखी गडद होत असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगावं.