ताऱ्यांच्या रेघा आणि फोटोंची चळत

ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं दाखवणारे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. ते बहुधा एका फोटोतून होत नाहीत. शेकडो फोटोंची चळत रचून होतात. आमचा भाचा याला सरळ "लबाडी" म्हणतो! मला ते पटत नाही, निदान सरसकट तरी नाही.

१७ जुलै १८५० ला हार्वर्ड वेधशाळेत बाँड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला. सूर्य सोडला तर ताऱ्याचा हा पहिलाच फोटो. त्याला सुमारे १०० सेकंद लागले. पुढे सगळी धडपड होती ती ताऱ्याची रेघ होऊ नये म्हणून, दुर्बीण आकाशाबरोबर फिरवण्याची. ३० सप्टेंबर १८८० ला हेन्री ड्रेपरने मृगातल्या तेजोमेघाचा फोटो घेतला, तो असाच ५१ मिनिटं दुर्बीण फिरवत ठेवून. त्या लोकांच्या लेखी रेघ म्हणजे बिघाड.

शंभरेक वर्षांनी ऑस्ट्रेलियात सायडिंग स्प्रिंगला डेव्हिड मालिन यांनी कॅमेरा स्थिर ठेवून मुद्दाम रेघा उमटवल्या, फिल्म तासन् तास उघडी ठेवून. त्यांचे फोटो जगभर गाजले. पण तिथलं आकाश काळंकुट्ट! तारा सरकत असतो, त्यामुळे फिल्मच्या एका ठिपक्यावर तो थोडाच वेळ थांबतो. जास्त वेळ दिला तर रेघ लांबते, उजळत नाही. आकाशाचा उजेड मात्र त्याच जागी साठत राहतो. शहराजवळ तो रेघांना गिळून टाकतो.

डिजिटल कॅमेऱ्याने इथे वाट काढली. ४ तासांत आकाश ६० अंश फिरतं. तेवढ्या वेळात ३० सेकंदांचे ४८० फोटो घ्यायचे. आता ते एकत्र कसे करायचे? बेरीज केली तर पुन्हा फिल्मचंच दुखणं. सरासरी काढली तर एखाद-दुसऱ्या फोटोत चमकलेला तारा बाकीच्यांत विरघळून जातो. तेजोमेघासाठी सरासरी उत्तम, कारण तिथे तारे आधी एकमेकांवर जुळवून घेतात, आणि १०० फोटोंत खरखर दहापटीने घटते. मध्यक घेतला तर विमान पुसलं जातं, पण ताराही! म्हणून 'लाइटन', म्हणजे प्रत्येक ठिपक्यासाठी ४८० पैकी सर्वांत उजळ तेवढा ठेवायचा. आकाश एका फोटोइतकंच काळं राहतं आणि रेघ शाबूत. तोटा एवढाच की विमानं, उपग्रह सगळे जसेच्या तसे राहतात. २०१९ पासून स्टारलिंकची त्यात भर पडली आहे.

यात लबाडी कुठे आहे? तो उजेड खरोखर कॅमेऱ्यात आला होता. आणि चळत संगणकाने शोधलेली नाही. मालिन स्वतः डार्करूममध्ये निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून घेतलेल्या तीन काळ्या-पांढऱ्या प्लेटा जुळवून रंगीत आकाश तयार करत.

माझा आक्षेप वेगळा आहे. दोन फोटोंमध्ये कॅमेरा थांबला की रेघेत फट पडते. 'स्टारस्टॅक्स'सारखे प्रोग्राम ती बुजवून देतात. पडदा बंद असतानाचा उजेड आणला कुठून? ती रेघ ताऱ्याने काढलेली नाही. त्यापेक्षा कॅमेऱ्यातली 'नॉइज रिडक्शन' बंद ठेवावी. ती चालू असली की प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ वाया जातो, आणि मोठ्या फटी तिथेच पडतात. उरलेल्या बारीक फटी मी तरी तशाच ठेवीन.

हो, अशा फोटोत मधोमध नीट पाहा. आपल्या अढळ ध्रुवाचीही चिमुकली कमान उमटलेली असते. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच दूर आहे.