रथातले अनोळखी

मळवली स्टेशनातून द्रुतगती महामार्ग ओलांडून तुम्ही भाजे गावात आला आहात. लेण्यांच्या पायऱ्या चढण्याआधी डोळे मिटा आणि सुमारे २१०० वर्षं मागे जा.

आता रूळ नाहीत, महामार्ग नाही. इंद्रायणीच्या खोऱ्यातल्या धुळीच्या वाटेवर तुम्ही बैलगाडीत दाटीवाटीने बसला आहात. कोकणातल्या बंदरांचा माल बैलांच्या पाठीवरून बोरघाट चढून येतो आणि त्या तांड्यांबरोबर माणसंही येतात. शेजारच्याने उपरण्यात तोंड झाकलंय, कमरेचा कसा मुठीत घट्ट धरलाय. समोरच्या बाईच्या ओच्यात फुलं आहेत. तिसऱ्याच्या तळहातांना घट्टे, नखांत करडी भुकटी. कोणी कोणाला नावगाव विचारत नाही. तुम्हीही गप्प बसता, कारण खरं सांगितलं तर कोण विश्वास ठेवील?

डोंगराच्या पायथ्याशी सगळे उतरता. माथ्यावर विसापूरचा किल्ला नाही. पलीकडे कार्ल्याचं भव्य चैत्यगृह अजून डोंगराच्या पोटात आहे. इथल्या चैत्यगृहात मात्र छताच्या कमानीला लाकडी फासळ्या बसल्या आहेत. बाई स्तूपापाशी फुलं वाहते. तोंड झाकलेला माणूस भिक्खूंसमोर कसा मोकळा करतो. तो दाता निघाला. घट्टेवाला दक्षिणेकडच्या विहारात जातो, छिन्नी उचलतो आणि भिंतीवर रथ घडवू लागतो.

चार घोडे उधळलेत. रथात एक पुरुष, सोबत दोन स्त्रिया. एकीच्या हाती छत्र, दुसरीच्या हाती चवरी. चाकांखाली अक्राळविक्राळ देह चिरडतोय. ‘हे कोण?’ तुम्ही विचारता. उत्तर येत नाही, फक्त छिन्नीचे घाव ऐकू येतात.

डोळे उघडा. रथ अजून तिथेच आहे. बहुतेक अभ्यासक त्या पुरुषाला सूर्य म्हणतात, काहींना तो राजा मांधाता वाटला. खाली नाव कोरलेलं नाही, म्हणून वाद मिटलेला नाही. भाज्यात नावं कोरायची रीत नव्हती असं नाही. महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्ताने पाण्याचं टाकं दान दिल्याचा लेख इथे आहे. काही स्तूपांवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावंही आहेत. रथ घडवणाऱ्याने मात्र स्वतःचं नाव मागे ठेवलं नाही.

एवढं मोठं काम करणारा माणूस निनावी राहिला. म्हणून इथल्या दगडावर स्वतःचं नाव खरडण्याचा हक्क आपल्याला नाही. पोराबाळांना भाज्याला जरूर न्या. रथापुढे थांबून त्यातले तिघे कोण असतील, हे त्यांचं त्यांना ओळखू द्या. भिंतीला मात्र कोणालाही हात लावू देऊ नका.