लाकडी फळ्यांच्या वसाहतकालीन घराचे वारसामूल्य : मॅक्रे होमस्टेडचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
वारसा म्हटले की किल्ले, मंदिरे व राजवाडे डोळ्यांसमोर येतात. सामान्य माणसाने हाताशी असलेल्या लाकूड-मातीतून उभारलेले घर मात्र इतिहासलेखनात उपेक्षित राहते. ऑस्ट्रेलियातील प्रारंभीच्या वसाहतकारांची जाड फळ्यांची घरे याच वर्गात मोडतात. प्रस्तुत लेखात व्हिक्टोरिया राज्यातील, मॉर्निंग्टन द्वीपकल्पावरील मॅक्रे होमस्टेड या घराच्या आधारे अशा वास्तूंचे वारसामूल्य कशात आहे, याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
पोर्ट फिलिप परिसरात १८३५ पासून युरोपीय वसाहत वाढू लागली. वकील अँड्र्यू मॅक्रे यांनी आर्थर्स सीट टेकडीच्या पायथ्याशी चराईची जमीन घेऊन १८४४ मध्ये हे घर बांधावयास घेतले. घराचा आराखडा त्यांच्या पत्नी जॉर्जियाना (१८०४-१८९०) यांनी तयार केला. त्या लंडनमध्ये शिकलेल्या चित्रकार होत्या. १८४५ ते १८५१ या काळात हे कुटुंब येथे राहिले. पुढे घर इतरांकडे गेले आणि १९७० मध्ये ते नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आले.

बांधकामाचे स्वरूप :
अशा घरांसाठी निलगिरीच्या जातीचे वृक्ष पाडून, पाचर व घण यांच्या साहाय्याने ओंडके रेषेच्या दिशेने फाडले जात. निघालेल्या जाड फळ्या वाकसाने तासून भिंतीत बसवीत व फटी मातीने लिंपीत. मॅक्रे होमस्टेडमध्ये फळ्यांच्या जोडीला काटक्या-मातीच्या भिंतीही आहेत. कोकणातील कुडाच्या भिंतीशी त्यांचे साम्य सहज लक्षात येते. करवत-गिरण्या व बाजारपेठ दूर असताना स्थानिक साधनांवर घर कसे उभे राहिले, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

वारसामूल्याचे विवेचन :
ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये स्वीकारलेल्या बर्रा सनदेत सौंदर्यविषयक, ऐतिहासिक, वैज्ञानिक व सामाजिक मूल्यांचा विचार आहे. पुढे त्यांत आध्यात्मिक मूल्याची भर पडली. आवश्यक तेवढाच आणि शक्य तितका कमी हस्तक्षेप करावा, हे तिचे सूत्र आहे. दगडाच्या तुलनेत लाकूड लवकर कुजते, त्यास वाळवी लागते. म्हणून दुरुस्ती अटळ ठरते. प्रत्येक दुरुस्तीत थोडा पुरावा नष्ट होतो, हीच खरी अडचण आहे.

जॉर्जियाना यांची रोजनिशी १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली; परंतु संपादक असलेले त्यांचे नातू ह्यू मॅक्रे यांनी मजकुरात फेरफार केल्याचे नंतरच्या अभ्यासातून दिसून आले. त्यामुळे आराखडे, मूळ लेखन व प्रत्यक्ष वास्तू यांची परस्पर पडताळणी आवश्यक ठरते. मात्र दुरुस्त केलेली वास्तू हीसुद्धा एका अर्थाने संपादित साधनच असते. कोणती फळी मूळची व कोणती नंतरची, याची नोंद नसल्यास वास्तूची साक्ष दुबळी होते.

दुसरा प्रश्न जमिनीचा आहे. हा प्रदेश बूनवुरुंग लोकांचा होय. ही भूमी कोणाच्याही मालकीची नव्हती, ही वसाहतवादी धारणा ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात फेटाळली. यास्तव केवळ वसाहतकारांच्या कष्टाचे स्मारक म्हणून या घराकडे पाहणे अपुरे आहे. ज्या झाडांच्या फळ्या झाल्या, ती झाडे कोणाच्या भूमीवर उभी होती, हेही त्या भिंतींनी सांगितले पाहिजे.

निष्कर्ष :
१) फळ्यांच्या घराचे मूल्य भव्यतेत नसून साहित्य, हत्यारांच्या खुणा व दुरुस्तीचे थर यांत आहे.
२) जतनकार्यात प्रत्येक बदलाची उघड नोंद ठेवणे हे जतनाइतकेच महत्त्वाचे आहे.
३) मूळ रहिवाशांचा इतिहास वगळून केलेले जतन अपूर्ण ठरते.