मेंदूतील झऱ्याचा शोध

तान्ह्या बाळाची टाळू भरताना आजीची बोटे नकळत तपासणीही करीत असतात. टाळू खोल गेली तर अंगातले पाणी आटले, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. टाळू वर येऊन तटतटली, डोके मोठे दिसू लागले, की म्हणतात, ‘डोक्यात पाणी झालं.’ हे पाणी येते कोठून, हे कळायला माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांना विवरे म्हणतात. विवरांत बारीक रक्तवाहिन्यांची एक झालर लोंबते. वैद्यकातले तिचे नाव कोरॉइड प्लेक्सस. मेंदूतले पाणी मुख्यतः तीच पाझरते. मोठ्या माणसात दिवसाला सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होते, पण एका वेळी आत असते ते दीडशे मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा ते बदलते. जुने पाणी रक्तात परत जाते. वाट तुंबली तरी झरा मात्र थांबत नाही, आणि तान्ह्याच्या कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने डोके वाढत जाते.

झालरीला हे नाव मिळाले ते अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलसमुळे, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आरंभी. गर्भाभोवतीच्या वेष्टनासारखी ती त्याला दिसली. याच माणसाला चौथ्या विवराच्या तळाशी बोरूची खाच दिसली होती, आणि ते नाव शरीररचनेच्या पुस्तकांत अजून टिकून आहे. साहित्याच्या व्यासपीठावर एवढे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे गेलनच्या मताने विवरांत सूक्ष्म चैतन्यवायू भरला, आणि शतकानुशतके तोच तेथे राहिला.

पाणी कोणाला दिसले कसे नाही? कारण अगदी साधे होते. शवविच्छेदनात आधी डोके धडावेगळे करण्याची रीत होती, तेव्हाच पाणी वाहून जाई. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योने ही चूक ओळखली आणि 1764 साली मेंदू व पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्याचे वर्णन केले. त्याचा उगम झालरीत असावा, असे 1854 मध्ये फ्रान्सच्या फेव्हरने व 1855 मध्ये जर्मनीच्या लुश्काने मांडले. आपल्याकडे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 मध्ये सुरू झाले होते आणि भाऊ दाजी लाड पहिल्या तुकडीतून 1851 मध्ये बाहेर पडले होते. मराठी मुले विच्छेदनाच्या टेबलाशी पोहोचली, तेव्हा युरोपातही या प्रश्नाचा निकाल लागलेला नव्हता.

सर्वांत बोलका पुरावा दिला अमेरिकेच्या वॉल्टर डँडीने, 1919 मध्ये. कुत्र्याच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या विवरांची तोंडे त्याने बंद केली आणि एका बाजूची झालर काढून टाकली. झालर होती ते विवर फुगले, नव्हती ते मिटले. मी जैन आहे. हा भाग वाचताना मन मागे सरते. पण हे ज्ञान वापरताना त्याची किंमत कोणी मोजली, हे लपवू नये. पुरावाही पुरा नव्हता. मिल्होराटने 1969 मध्ये दाखवले, की झालर काढलेल्या माकडांतही पाणी बरेचसे तयार होतच राहते.

डँडीने 1918 मध्येच चार बालकांची झालर काढून पाहिली होती. त्यांतली तीन दगावली. ही शस्त्रक्रिया हळूहळू मागे पडली. 1956 मध्ये फिलाडेल्फियात जॉन होल्टर या यंत्रकारागिराने स्वतःच्या मुलाच्या आजारापायी झडप तयार केली, आणि पाणी नळीने दुसरीकडे वळवण्याचा उपाय रुळला. आज ही नळी बहुधा पोटात सोडतात.

आता माझी गोष्ट. तिगावात दवाखाना टाकल्याला फार वर्षे झाली नव्हती. चार महिन्यांचे एक मूल आणले. मोठे डोके, उघडी टाळू, झोपेत डोक्याला घाम : आमच्या ग्रंथांत हे कॅल्केरिया कार्बोनिकाचे चित्र आहे, मला तोंडपाठ. मी तीन आठवडे गोळ्या दिल्या. मग त्याचे डोळे खाली वळले, बुबुळांच्या वर पांढरे दिसू लागले, तेव्हा कोठे नागपूरला पाठवले. नळी बसली, मूल वाचले, दृष्टी मात्र गेली. तुंबलेली वाट गोळीने मोकळी होत नाही, हे मला आधी कळायला हवे होते. पुढे ती नळी दोनदा तुंबली, दोन्ही वेळा रात्री, आणि बापाने त्याला खांद्यावर घेऊन स्टेशन गाठले.

म्हणूनच युगांडातील म्बालेची हकीकत वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. तेथे 2001 पासून अमेरिकन शल्यविशारद बेंजामिन वॉर्फ हेच पाहत होते. नळी तुंबली, की खेड्यातले मूल वेळेत दवाखान्यात पोहोचत नसे. त्यांनी दुर्बिणीने तिसऱ्या विवराच्या तळाला वाट पाडली आणि सोबत झालर जाळून टाकली. वर्षाच्या आतील बालकांत नुसत्या वाटेने 47 टक्क्यांना गुण आला होता, झालर जाळल्यावर 66 टक्क्यांना. डँडीची टाकून दिलेली कल्पना नव्या हत्यारांनिशी परत आली, ती मोठ्या राजधानीत नव्हे, तर तिगावसारख्याच खेड्यांतली मुले जेथे येतात तेथे.

माझ्या टेबलाच्या खणात आता शिंप्याची टेप असते. जन्मतः डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे 2 सेंटिमीटर वाढतो आणि वर्षाला 45-46 च्या आसपास जातो. आकडा याहून भराभर पुढे पळू लागला, तर मी पुडी बांधत नाही. चिठ्ठी लिहून देतो आणि नागपूरची गाडी किती वाजता आहे ते सांगतो.