वर्गणी संपली, कळावे

मी १९८३ साली हिंगोलीत एक मासिक काढलं होतं. त्याचं नाव इथे मुद्दाम सांगत नाही. त्याचे काही वर्गणीदार अजून हयात आहेत आणि त्यांना मी प्रत्येकी तीन अंक देणं लागतो.

हा सगळा दोष इतिहासाचा. मी शाळेत इतिहास शिकवत होतो. दर वर्षी ६ जानेवारी आली, की मुलांपुढे बाळशास्त्री जांभेकरांचा महिमा गाणं भाग असे. १८३२ साली याच दिवशी मुंबईत ‘दर्पण’ निघालं. आधी पाक्षिक, चार महिन्यांनी साप्ताहिक. एका रकान्यात इंग्रजी, शेजारच्या रकान्यात मराठी. काढणारा तरुण जेमतेम विशीतला. हे दहा वर्षं सांगून सांगून एके दिवशी माझ्याच मनात आलं, की विशीतल्या पोराला जे साधलं ते आपल्याला पस्तिसाव्या वर्षी का साधू नये? ‘दर्पण’ आठ वर्षांत, १८४० साली बंद पडलं, हे वाक्यही मी दर वर्षी उच्चारत असे. पण मास्तर जे शिकवतो ते त्यानं स्वतः ऐकलंच पाहिजे असा कुठे नियम आहे?

मासिक काढायला बुद्धी लागते, पैसा लागतो, असं लोक म्हणतात. चूक. आधी लागतं ते डिक्लेरेशन. १८६७ चा कायदा तेव्हा जिवंत होता. दिल्लीला पसंतीक्रमानं नावं पाठवायची, त्यातलं एखादं मंजूर होऊन यायचं आणि मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन ‘हे पाप माझंच’ असं लिहून द्यायचं. हिंगोली त्या वेळी तालुक्याचं गाव. जिल्हा परभणी. आम्हाला स्वतःचा जिल्हा मिळाला तो १ मे १९९९ ला, मासिक बंद पडून आठ वर्षं झाल्यावर. तेव्हा परभणीच्या एस.टी.त बसलो. मी पाच नावं पाठवली होती. त्यातली चार आधीच कुणीतरी घेतलेली निघाली. उरलं ते मला स्वतःला सगळ्यात कमी आवडलेलं. तेच कपाळी आलं.

दुसरी अडचण नोकरीची. शाळेत असताना स्वतःच्या नावावर मासिक चालवणं म्हणजे संस्थेच्या चिटणिसांना आयतं कारण. म्हणून ‘संपादक, मुद्रक, प्रकाशक’ या तिन्ही पदांवर सौ.ची नेमणूक झाली. तिनं सही करताना एवढंच विचारलं, “तुरुंगात कोण जाणार, मी की तुम्ही?”

मी म्हटलं, “तशी वेळ येणार नाही.”

“मग काढता कशाला?” ती म्हणाली.

या प्रश्नाचं उत्तर मला पुढे दोन वर्षं सापडलं नाही.

नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचा, ही परंपरा मात्र मोठी आहे, असं मी तिला पटवून दिलं. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावानं शतपत्रं आली, ती लिहिणारे गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकर. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघालं. त्यावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव होतं, लेखणी डॉ. आंबेडकरांची. सौ. म्हणाली, “थोरांची नावं घेऊन घरखर्चातले पैसे मागू नका.” तरी तिनं ते दिले.

अंक निघाला. आता सुधारणा! स्वतःचं पान हाती आलं, की माणसाला ते सुधारण्याचा रोग जडतो. मी मुखपृष्ठ बदललं, सदरं बदलली, सदरांची नावं बदलली. ‘इतिहासाच्या पानातून’ हे माझं स्वतःचं सदर पान सातवरून पान तीनवर आणलं. वर्गणीदार जिथल्या तिथे. एकशे बारा. त्यातले चाळीस नातलग, म्हणजे फुकट.

छपाई गावातल्याच एका छापखान्यात व्हायची. पायानं चालवायची ट्रेडल, शिशाचे खिळे, आणि ते जुळवणारे कंपोझिटरमामा. मामांकडे ‘ळ’ थोडे. बाकीच्या महाराष्ट्रात हे चाललं असतं. हिंगोली-वसमतला कसं चालावं? इथे हळद पिकते! हळद, मळणी, डाळ, केळ, सगळा मुलूख ‘ळ’वर उभा. अर्ध्या फर्म्यात ‘ळ’ संपले, की मामा निर्विकार चेहऱ्यानं ‘ल’ लावून मोकळे व्हायचे. त्यामुळे आमच्या अंकात वरच्या रकान्यात हळद यायची आणि खालच्या रकान्यात हलद. एका वाचकानं विचारलं, की यात भाव कोणत्या जातीचा जास्त?

थट्टेत का होईना, त्यानं भाव विचारला होता. मी चौथ्या अंकापासून शेवटच्या पानावर बाजारातले हळदीचे भाव द्यायला लागलो. भाव महिन्याभराचे शिळे असायचे, पण मागच्या महिन्याशी ताडून पाहायला लोकांना ते हवे होते. वर्षाअखेर वर्गणीदार तीनशेवर गेले. ते सगळे अंक मागून उघडत. माझ्या पान तीनपर्यंत कितीजण पोचत, याची चौकशी करायचं धाडस मी केलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मासिक चालवण्याचा इतिहास हा लेखकांचा कमी आणि हिशेबाच्या वहीचा जास्त आहे. तो कुणी शिकवत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचीच गोष्ट घ्या. १८७४ साली त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. चौऱ्याऐंशी अंक, आणि बहुतेक मजकूर एकटाकी. स्वतःच लेखक, स्वतःच संपादक. पण हा गृहस्थ नुसता लिहीत बसला नाही. १८७८ मध्ये चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रं छापून विकली. किताबखाना काढला. आर्यभूषण छापखाना उभा केला. १८७९ ला सरकारी नोकरी सोडली. पुढच्या वर्षी न्यू इंग्लिश स्कूल, त्याच्या पुढच्या वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’. आणि १८८२ मध्ये, वयाची बत्तिशी पुरी व्हायच्या आत, निघूनही गेले. भाषेचं शिवाजीपण त्यांनी मिरवलं, हे सगळे सांगतात. लेखणीच्या मागे छापखाना आणि छापखान्याच्या मागे विकण्याजोगी चित्रं हवीत, हे त्यांना कळलं होतं, ते कुणी सांगत नाही.

ज्यांच्यामागे हे बळ नव्हतं त्यांचे हाल झाले. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढलं. शेतकऱ्यांचं, कष्टकऱ्यांचं पत्र. वाचक गरीब, तेव्हा वर्गणी कुठून येणार? तीन वर्षांत ते मुंबईला नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती गेलं, म्हणून जगलं तरी.

पैशाची वाट खरी सापडली ती काशीनाथ रघुनाथ मित्रांना. त्यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. फराळ आणि वाचन यांची गाठ त्यांनी घातली, ती अजून सुटलेली नाही. शंकरराव किर्लोस्करांनी तर उलट्या बाजूनं सुरुवात केली. १९२० सालचं ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याची खबर द्यायला, नांगराच्या शेजारी. नांगर राहिले बाजूला आणि त्यातून मराठी घराघरांत जाणारं मासिक उगवलं. मीही दिवाळी अंक काढला. एका कापड दुकानदारानं अर्धं पान जाहिरात दिली. पैशाऐवजी त्यानं दोन टॉवेल दिले. त्यातला एक अजून आहे.

व्ही.पी.चा प्रयोगही करून पाहिला. ‘आपली वर्गणी संपली, कळावे’ असं कार्ड पाठवून मागून व्ही.पी. धाडायची. वीस पाठवल्या. सोळा ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन परत आल्या. त्यात एक माझ्या सख्ख्या मेव्हण्याची होती.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण १९८५ च्या उन्हाळ्यात एका वस्तीतला हापसा सहा महिने बंद पडला होता. बायका दीड-दोन कोसांवरून पाणी आणत. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्यापायी शाळेत येईनाशा झाल्या. मी त्या दोघींची नावं न देता दीड पान लिहिलं. मामांनी ते जुळवलंही. संध्याकाळी छापखान्याचे मालक म्हणाले, “गुरुजी, एवढं काढा. त्या कचेरीच्या पावतीपुस्तकांचं सगळं काम माझ्याकडं आहे. माझं पोट आहे.”

माणूस वाईट नव्हता. पोट त्यालाही होतं. मी मजकूर काढला आणि त्या जागी बटाट्याच्या पापडांची कृती टाकली.

पंधरा दिवसांनी एक म्हातारे वर्गणीदार आले. निजामी अमदानीतले कार्यकर्ते. मासिकात हापशाबद्दल येणार, असं मीच त्यांना फुशारकीनं सांगितलं होतं. त्यांनी अंक उलटला, पापडाची कृती पुरी वाचली आणि म्हणाले, “आम्ही ‘मराठवाडा’चे अंक कडब्याच्या पेंडीत घालून आणायचो. पकडलं तर मार होता. ते पत्र पुण्यात छापून निघायचं, कारण इथं छापू देत नव्हते. आनंद कृष्ण वाघमाऱ्यांवर बंदी आली, की ते पत्राचं नाव बदलायचे आणि पुन्हा काढायचे. तुमच्याकडं कोणता निजाम आला व्हता, गुरुजी?”

वाचकहो, मी वर्गात दर सप्टेंबरात सांगत असे, की देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आपण तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला. ते तेरा महिने माझ्यासमोर खुर्चीवर बसले होते आणि मला तोंड वर करवत नव्हतं.

ते गेल्यावर सौ. आतून आली. पापडाची कृती तिचीच होती. ती मला म्हणाली, “संपादक म्हणून नाव माझं छापता ना? मग काढताना मला का नाही विचारलं?”

त्या रात्री मला तिच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनसुद्धा ‘केसरी’नं घेतली नव्हती, हे मी वाचलं होतं. शाहू महाराजांनी त्या पत्राला अडीच हजार रुपये दिले होते, हेही ठाऊक होतं. मी ते सगळं परीक्षेत विचारण्याजोगी माहिती म्हणून पाठ केलं होतं. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलं, की ओट्याच्या मालकाला जे नको ते विकता येत नाही, एवढी साधी गोष्ट त्यात होती.

सौ.नं दोन पाटल्या मोडल्या. त्यात एक जुनी ट्रेडल, खिळ्यांच्या आठ केसा आणि (ही तिचीच अट) भरपूर ‘ळ’ आले. टिळक-आगरकरांनी छापखान्याचं सामान स्वतः वाहिल्याची गोष्ट सांगतात. आमचं सामान बैलगाडीनं आलं. मी फक्त मागून चालत होतो, तरी कंबर धरली. पहिल्याच अंकात हापशाचं दीड पान गेलं, पान तीनवर. हापसा पंधरा दिवसांत दुरुस्त झाला. अंकामुळे की पावसाळ्यामुळे, ते मी सांगू शकत नाही. त्या दोघींपैकी एक मुलगी शाळेत परत आली. दुसरीचं तोवर लग्न ठरलं होतं. तिची पत्रिका आमच्याच ट्रेडलवर छापली. तिच्या बापाकडून मी पैसे घेतले नाहीत आणि ती पत्रिका जुळवताना माझा हात नीट चालला नाही.

खरं सांगायचं तर त्या ट्रेडलला लग्नपत्रिकांनीच जगवलं. पत्रिका, पावतीपुस्तकं, घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका. मासिक तोट्यात आणि छापखाना फायद्यात. एकाचं तोंड दुसऱ्याच्या हातानं भरायचं. लिहिणारे कमीच. ‘बहिष्कृत भारता’चे चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं भरावे लागतात, असं आंबेडकरांनी लिहिलं आहे. मला आठ भरताना चंद्र दिसे. मग गावात ऑफसेट आली, लोकांना चकचकीत पत्रिका हव्या झाल्या, आणि १९९१ मध्ये दोन्ही बंद पडलं. वहीप्रमाणे आठ वर्षांचा निव्वळ तोटा सहा हजार चारशे रुपये, आणि जमा बाजूला एक टॉवेल. आठ वर्षं! निदान एवढ्या एका बाबतीत मी जांभेकरांची बरोबरी केली.

आता १८६७ चा तो कायदाही गेला. १ मार्च २०२४ पासून नवा आला. नोंदणी घरबसल्या संगणकावर होते म्हणतात. नातू म्हणाला, “आजोबा, पुन्हा काढू या.” मी सौ.कडे पाहिलं. ती म्हणाली, “नाव या वेळी तुमचं घाला. पाटल्या उरल्या नाहीत.”

परवा बसस्टँडवर सेनगावकडचा एक गृहस्थ भेटला. पाया पडला आणि खिशातून बारा रुपये काढले. “वडील वारले. वहीत तुमची एक वर्गणी राहिली म्हणून लिहून ठेवलं होतं.” मी म्हटलं, अहो, उलट मीच तुम्हाला तीन अंक देणं लागतो. तो ऐकेना. पावती नको म्हणाला.

पण मी त्याला घरी घेऊन आलो. पावतीपुस्तकाची शेवटची चार पानं अजून कोरी होती. सौ.नं चष्मा लावला आणि प्रकाशक म्हणून सही केली.