मुंग्यांना विसरायला शिकवताना

आजची गोष्ट मुंग्यांची, आणि थोडी आमच्या बीटेकच्या प्रोजेक्टची.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी मुंग्यांचं सिम्युलेशन करायला घेतलं. स्क्रीनवर एक वारूळ, दोनशे मुंग्या, कोपऱ्यात साखर. प्रत्येक मुंगी म्हणजे एक ‘एजंट’. तिला फक्त शेजारचे चौकोन कळतात. साखर मिळाली की परतताना वास सोडायचा, वास आला की त्यामागे जायचं. बस. राणीचा हुकूम नाही, नकाशा नाही.

ही कल्पना आमची नव्हे. १९५९ मध्ये पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने वाळवीचा अभ्यास करताना तिला ‘स्टिगमर्जी’ हे नाव दिलं. एकाने करून ठेवलेलं काम बघून दुसऱ्याला पुढचं काम सुचतं. बोलावं लागत नाही.

पुढे ब्रसेल्समध्ये दनबूर आणि सहकाऱ्यांनी अर्जेंटिनाच्या मुंग्यांवर प्रयोग केला. तो १९८९ मध्ये छापून आला. वारूळ आणि खाणं यांच्यामध्ये दोन पूल. एक आखूड, दुसरा दुप्पट लांब. आखूड पुलावरच्या मुंग्या लवकर परतल्या, तिथे वास आधी साचला, आणि थोड्या वेळात बहुतेक सगळ्या तिकडेच वळल्या. भारी ना?

पण खरी गंमत पुढे आहे. आधी फक्त लांब पूल ठेवला आणि आखूड पूल नंतर जोडला, तर बहुतेक मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या. जुना वास पटकन उडत नव्हता!

१९९२ मध्ये मिलानमध्ये मार्को डोरिगो यांनी पीएचडीत मुंग्यांची ही युक्ती कॉम्प्युटरवर आणली, कमी अंतराचा मार्ग शोधायला. त्यांच्या कृत्रिम मुंग्यांचा वास मुद्दाम उडवला जातो. नेटलोगोमधलं मुंग्यांचं मॉडेल उघडा, तिथेही वास किती वेगाने उडावा याचा वेगळा स्लायडर आहे.

आमच्या कोडमध्ये मात्र वास उडतच नव्हता. डेमोच्या दोन दिवस आधी आम्ही साखर दुसऱ्या कोपऱ्यात हलवली. मुंग्या रात्रभर रिकाम्या जागी चकरा मारत राहिल्या.

टीममधली मैत्रीण तिसऱ्या आठवड्यापासून सांगत होती, “अरे, वास कमी व्हायला हवा.” आम्ही तिघं म्हणायचो, “चालतंय ना? मग हात लावू नकोस.” शेवटी तिनेच एक ओळ टाकली: प्रत्येक पावलाला वास ०.९५ ने गुणायचा. जुनी वाट पुसट झाली, मुंग्या पांगल्या, आणि साखर सापडली. उत्सुकता म्हणून ०.५ करून पाहिलं, तर वाटच तयार होईना. म्हणजे विसरायचं, पण बेताने.

व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं, “हे कुणाला सुचलं?” मी म्हणालो, “टीमला.” ती शेजारीच उभी होती, काही बोलली नाही.

ती ओळ तिची होती. तेव्हा सांगायला हवं होतं, आज सांगतोय.

भेटू पुढच्या भागात!